कॅम्पसमधले नियम: कोणता वाकतो, कोणता वाकत नाही

इंदूरला देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या तक्षशिला परिसरात एकाच दिवशी दोन नियम मोडले गेले असं समजा. एका मुलाने खंडवा रोडच्या गेटवर ओळखपत्र दाखवलं नाही. दुसऱ्याने रात्री पहिल्या वर्षाच्या मुलाला खोलीवर बोलावून तासभर मान खाली घालून उभं ठेवलं. पहिल्याला गार्ड हटकेल, फार तर वहीत नाव लिहून आत सोडेल. दुसऱ्याची तक्रार पुढे गेली आणि प्रकरण फौजदारी गुन्ह्यात बसणारं निघालं, तर संस्थाप्रमुखाला चोवीस तासांच्या आत एफआयआर करावी लागते. परिसर एकच, अधिकारीही बरेचसे तेच, पण कडकपणात जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक साहेबांच्या स्वभावावर थोडासाच अवलंबून असतो. खरी गोष्ट अशी की नियम मोडल्याचा कागद विभागातच राहतो की विभागाबाहेर जातो, यावर कडकपणा ठरतो. कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर असेपर्यंत समज देणं, पालकांना बोलावणं, माफीनामा लिहून घेणं हे सगळं शक्य असतं. तो परीक्षेच्या गोपनीय विभागात, पोलीस ठाण्यात किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या पोर्टलवर गेला, की सर कितीही दयाळू असोत, त्यांच्या हातात काही उरत नाही. बुऱ्हाणपूर, खंडवा, देवास इथून शिकायला आलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी प्रत्येक नियमाबाबत हा एकच प्रश्न विचारावा: यात कागद बाहेर कधी जातो?

नियम येतो कुठून

मध्य प्रदेशातली बरीच सरकारी विद्यापीठं मध्यप्रदेश विश्वविद्यालय अधिनियम, १९७३ या एका कायद्याखाली चालतात. इंदूरचं विद्यापीठ १९६४ सालचं, म्हणजे कायद्याहून जुनं, पण आज लागू आहे तो हाच कायदा. त्याखाली परिनियम, त्याखाली अध्यादेश, मग विनियम आणि सगळ्यात शेवटी विभागाच्या फळ्यावर डकवलेली सूचना. हजेरी, परीक्षा, नक्कल (म्हणजे कॉपी), शिस्त यांचे खरे नियम अध्यादेशांत असतात; हे अध्यादेश सरकारचे नव्हेत, विद्यापीठाचे. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा स्वतःचा वेगळा कायदा होता, १९४९ चा. २०२३ मध्ये गुजरातने आपल्या अनेक सरकारी विद्यापीठांसाठी एकच कायदा केला आणि तो जुना कायदा गेला. त्यामुळे बडोद्याच्या मावसभावाने सांगितलेला नियम इंदूरला जसाच्या तसा लागू पडत नाही.

ही उतरंड कळली की एक गोष्ट हाती लागते. खालचा कागद वरच्या कागदाच्या बाहेर जाऊ शकत नाही. अध्यादेशात नसलेली शिक्षा विभागाच्या सूचनेने देता येत नाही. कुणी रोख दंड मागितला तर दोनच गोष्टी नम्रपणे विचाराव्या: कोणत्या नियमाखाली, आणि पावती कुठे मिळेल? नियमात बसणारा दंड असेल तर दोन्ही उत्तरं सहज मिळतात. पावती नसलेला दंड भरू नका, कारण पुढे अपील करायची वेळ आली तर शिक्षा झाल्याचा पुरावाच तुमच्याकडे नसतो.

शिस्तीचं काम विद्यापीठात कुलानुशासकांकडे, म्हणजे प्रॉक्टरकडे असतं. छात्र कल्याण अधिष्ठाता वेगळे. वसतिगृहात वॉर्डन. परीक्षेच्या खोलीत केंद्राध्यक्ष. कोणत्या गोष्टीसाठी कुणाकडे जायचं हे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलेलं बरं. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज हरवत नाही, पण आठवडाभर पडून राहतो, आणि मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही.

परीक्षेची खोली: इथे सवलत नाही

विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. वर्षभर ज्या सरांशी हसतखेळत बोलतो तेच पर्यवेक्षक आहेत, तेव्हा चिठ्ठी सापडली तर ते ओरडून सोडून देतील, असं वाटतं. सापडल्यानंतर काय घडतं ते पाहा.

पर्यवेक्षक चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात आणि केंद्राध्यक्षांना बोलावतात. एक छापील फॉर्म भरला जातो: रोल नंबर, विषय, वेळ, साहित्य कुठे सापडलं, किती पानं. चिठ्ठीवर पर्यवेक्षकाची सही होते आणि तुमची सही मागितली जाते. तुमचं म्हणणं लिहायला जागा असते. जुन्या उत्तरपत्रिकेवर वेळ घातली जाते आणि उरलेल्या वेळासाठी सहसा नवी उत्तरपत्रिका मिळते. पेपर संपल्यावर दोन्ही उत्तरपत्रिका, चिठ्ठी आणि फॉर्म एका पाकिटात बंद होऊन विद्यापीठात जातात. पाकीट सील झालं की ते प्रकरण ना पर्यवेक्षकाचं राहिलं, ना प्राचार्यांचं. निकालात त्या विद्यार्थ्याचं नाव रोखून ठेवलेलं दिसतं आणि पुढे नक्कल प्रकरणांची समिती त्याला बोलावते.

उडनदस्ता, म्हणजे भरारी पथक, खोलीत आलं तर आणखी कडक. बाहेरून आलेल्या पथकाला तुमचं नाव-गाव माहीत नसतं, आणि त्यांनी पकडलेलं प्रकरण नोंदवलं नाही तर प्रश्न पर्यवेक्षकावरही येतो. म्हणून पथक येणार अशी कुणकुण लागली की पर्यवेक्षक स्वतःच झडती घेतात.

या क्षणी मुलं तीन गोष्टी चुकवतात. काही चिठ्ठी फाडतात, गिळतात किंवा खिडकीतून फेकतात. मग पुरावा नष्ट केल्याची नोंद होते, आणि ती चिठ्ठीपेक्षा जड पडते. काही सही करायला नकार देतात. त्याने प्रकरण थांबत नाही. ‘सही नाकारली’ असं लिहून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या जातात. तिसरी चूक सगळ्यात नुकसानीची: घाबरून आपलं म्हणणं लिहायचा रकाना रिकामा ठेवणं, किंवा समोरचे सांगतील ते लिहिणं. चिठ्ठी बाकाखाली होती, त्या बाकावर सकाळच्या पाळीत दुसरी परीक्षा झाली होती, असं असेल तर तेच, तिथेच, साध्या शब्दांत लिहा. समितीपुढे दोन महिन्यांनी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्या दहा मिनिटांत लिहिलेल्या दोन ओळींना जास्त वजन असतं.

मोबाईलबद्दल वेगळं सांगायला हवं. तो बंद होता, बॅगेत होता, आईचा फोन येणार होता, यातलं काहीही उपयोगी पडत नाही. साहित्य जवळ असणं हाच दोष धरला जातो, वापरलं की नाही हा पुढचा प्रश्न. प्रवेशपत्राच्या मागे लिहिलेलं सूत्र, कॅल्क्युलेटरच्या झाकणावरची पेन्सिलची अक्षरं, तळहातावरची तारीख, सगळं त्यातच येतं. आदल्या रात्री प्रवेशपत्रावर पेपरांच्या वेळा खरडून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. अगदी निरुपद्रवी आकड्यांवरूनही फॉर्म भरला गेल्यावर त्याचा खुलासा तुम्हालाच करत बसावं लागतं.

शिक्षेच्या पायऱ्या साधारण अशा: तो एक पेपर रद्द, मग त्या सत्राची सगळी परीक्षा रद्द, मग पुढच्या काही परीक्षांना बंदी. दुसऱ्याच्या नावावर पेपर देणं किंवा पेपर फोडणं हे थेट पोलिसांचं काम. त्यासाठी मध्य प्रदेशात मान्यताप्राप्त परीक्षांचा १९३७ सालचा कायदा आजही वापरात आहे.

रॅगिंग: जिथे गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा

यूजीसीचं रॅगिंगविरोधी विनियमन २००९ चं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आणि रॅगिंग रोखण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीच्या अहवालानंतर ते आलं, म्हणून ते इतकं धारदार आहे. त्यात संस्थेच्या मर्जीवर फार कमी सोडलंय. पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय वेगळी हवी. रॅगिंगविरोधी पथकाने वसतिगृहात अचानक फेऱ्या मारायच्या. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या मुलांची नाव न घेता पाहणी करायची. संलग्न महाविद्यालयाच्या प्रमुखाने पहिले तीन महिने दर आठवड्याला, नंतर दर महिन्याला कुलगुरूंना अहवाल द्यायचा. एवढे कागद बाहेर जातात, म्हणून इथे ‘आपसांत मिटवून टाका’ म्हणणारा अधिकारी स्वतःच अडकतो.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर रंग, जात, धर्म, भाषा, प्रांत, लिंग, शरीरयष्टी, आर्थिक स्थिती यावरून केलेला छळही रॅगिंगमध्येच मोडतो. एखाद्याच्या बोलण्याच्या ढंगावरून किंवा गावावरून रोज त्याची टिंगल करून त्याला रडकुंडीला आणणं ही आता ‘गंमत’ नाही. तक्रार १८००-१८०-५५२२ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर करता येते, आणि माहिती देणाऱ्याची ओळख जपणं संस्थेवर बंधनकारक आहे. फोन करताना संस्थेचं पूर्ण नाव, वसतिगृह, मजला, वेळ आणि काय करायला लावलं हे सांगा. ‘खूप त्रास देतात’ एवढ्यावर कारवाई सुरू करणं कठीण जातं.

शिक्षा वर्गातून निलंबनापासून सुरू होते. शिष्यवृत्ती थांबवणं, परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, वसतिगृहातून काढणं, एक ते चार सत्रं हकालपट्टी, प्रवेशच रद्द, असं ती वाढत जाते. आणि एक तरतूद पालकांनी नीट वाचायलाच हवी: कुणी केलं हे ओळखता आलं नाही, तर संस्था सामूहिक शिक्षा देऊ शकते. मजल्यावरच्या दहा मुलांपैकी सात जणांनी काहीच केलेलं नसतं. पण तेही ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणतात, मित्राला वाचवायला. तिथे त्या सातांचं वर्ष पणाला लागतं. आपण काय पाहिलं हे वेळेवर, लेखी, आपल्यापुरतं सांगणं हाच त्यावर उपाय आहे.

प्रकरण ढिलं पडतं ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत. तक्रारीत ‘रॅगिंग’ऐवजी ‘आपसांतली हाणामारी’ लिहिलं जातं. पीडित मुलगा घरी निघून जातो आणि जबाब राहून जातो. व्हॉट्सअॅपवरचे संदेश समोरचा पुसून टाकतो. म्हणून स्क्रीनशॉट आधी घ्या, दवाखान्यात गेलात तर कागद सांभाळा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय खोलीवर परतू नका. कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलीस परिसरात येऊच शकत नाहीत असं मुलं एकमेकांना सांगतात. तसा कायदा नाही. पोलीस आधी कळवतात, ती पद्धत आहे, अट नाही.

हजेरी: शेवटच्या महिन्यात जाग येणारा नियम

पंचाहत्तर टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, हिशेब मात्र कुणी करत नाही. आठवड्याला चार तास असलेला विषय पंधरा आठवड्यांत साठ तास होतो. हवेत पंचेचाळीस, बुडवता येतात पंधरा. हे ऐकायला बरंच वाटतं. आता आठवड्यातून एकदाच असणारं प्रात्यक्षिक घ्या: पंधरापैकी किमान बारा हवीत, म्हणजे बुडवायला फक्त तीन. गणपतीत घरी गेलात, दिवाळीला दोन दिवस आधी निघालात आणि एकदा ताप आला, की संपलं. हजेरी बहुतेक वेळा प्रात्यक्षिकात अडकते आणि मुलं थिअरीचे तास मोजत बसतात.

नियम ढिला वाटतो कारण सत्राच्या मध्यात कुणी काही म्हणत नाही. हजेरीची बेरीज परीक्षेचा फॉर्म भरायच्या सुमाराला होते, आणि त्याच वेळी कागद विभागातून परीक्षा शाखेकडे जातो. त्याआधी सर ऐकून घेऊ शकतात, जादा तास लावू शकतात. यादी गेल्यावर त्यांनी ठरवलं तरी नाव काढता येत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांमध्ये हे काटेकोर होतं. मोठ्या संलग्न महाविद्यालयांत, जिथे एका वर्गात दीडशे नावं असतात, तिथे हजेरी घेणंच अनियमित असतं आणि मग सक्तीही. हे विद्यार्थ्याच्या हिताचं नाही. सैल चालणाऱ्या जागी एखाद्या वर्षी अचानक नियम लागू होतो, तेव्हा त्याची तयारी कुणाचीच नसते.

डॉक्टरांच्या दाखल्याने गैरहजेरीची हजेरी होत नाही. अध्यादेशात सूट देण्याची तरतूद असेल तर त्या सवलतीसाठी तो आधार होतो, इतकंच. बरे होऊन परतल्यावर लगेच द्या. सत्राच्या शेवटी दिलेल्या, मागच्या तारखेच्या दाखल्याकडे संशयानेच पाहिलं जातं.

बाकीचे नियम

तंबाखूचा नियम देशाच्या कायद्यातला, २००३ चा. सार्वजनिक जागी धूम्रपानाला दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरांत, विक्रीला बंदी. विद्यापीठाजवळच्या भंवरकुआं चौकाच्या आसपासच्या टपऱ्या पाहिल्या की अंमलबजावणीची कल्पना येते. वसतिगृहाच्या खोलीत सिगारेट सापडली तर मात्र दोनशे रुपयांवर भागत नाही, कारण तिथे वसतिगृहाचा नियम वेगळा लागतो आणि खोली जाऊ शकते. वसतिगृहात रात्री यायची वेळ, पाहुणा ठेवणं, हीटर-इंडक्शन यांचे कागद वॉर्डनकडेच राहतात, म्हणून दोन-तीनदा समज मिळते. पण पुढच्या वर्षी खोली देताना तीच वही उघडली जाते. गाड्या, पार्किंग, ओळखपत्र हे गार्डच्या पातळीवरचं. एखादी घटना घडली की महिनाभर कडक, मग पुन्हा पहिल्यासारखं.

शिक्षेआधी तुमचं ऐकलं जाणं

कडक कारवाई आणि बेकायदा कारवाई यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे सुनावणी. १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नक्कल केल्याचा ठपका ठेवून परीक्षा रद्द करणाऱ्या समितीने विद्यार्थ्याला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्राच्या प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली: संपूर्ण केंद्रावर सामूहिक नक्कल दिसत असेल तर परीक्षा रद्द करताना एकेकाला ऐकायची गरज नाही, कारण तिथे कुणा एकावर आरोप नसतो. आणि १९७३ मध्ये रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या मुलांना तक्रारदार मुलींची उलटतपासणी मिळाली नाही, तरी शिक्षा कायम राहिली. मुलींना पुन्हा त्या मुलांसमोर उभं करणं धोक्याचं होतं, म्हणून.

म्हणजे तुम्हाला मिळायला हवं ते हे: आरोप काय आहे याची लेखी नोटीस, उत्तर द्यायला पुरेसा वेळ, तुमचं म्हणणं, आणि कारणं लिहिलेला निर्णय. कोर्टासारखा खटला मिळेलच असं नाही. चौकशी चालू असताना तात्पुरतं निलंबन होऊ शकतं. त्याला शिक्षा समजून घाबरून घरी बसू नका. नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या. उत्तर दिलं नाही तर समिती एकतर्फी निर्णय घेते, आणि तो नंतर उलटवणं फार अवघड होतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी वेगळा रस्ता आहे, यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांचा. घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, अहवालानंतर तीस दिवसांत संस्थेची कारवाई. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक आणि किमान निम्म्या महिला सदस्य असलेली समिती हवी. समिती तशी बनली नसेल तर ते सुरुवातीलाच लेखी कळवा.

नियम तुमच्यावर चुकीचा लावला गेला, किंवा संस्था स्वतःच तो पाळत नाही, असं असेल तर २०२३ च्या विनियमांप्रमाणे आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचं. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांना तीस दिवस. रॅगिंगच्या शिक्षेचं अपील वेगळीकडे जातं: संलग्न महाविद्यालयातला विद्यार्थी कुलगुरूंकडे, विद्यापीठाच्या विभागातला कुलाधिपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे. अर्जासोबत निर्णयाची प्रत, नोटीस, तुमचं उत्तर आणि पोच जोडा. निर्णयाची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, म्हणून अपिलाची पंधरा दिवसांची मुदत डोळ्यांपुढे ठेवून प्रत हाती येण्याआधीच अपील दाखल करा आणि ‘प्रत मागितली आहे, मिळताच सादर करू’ असं त्यात लिहा.